शिगम्याच्या मिरवणुकीला कॅमेऱ्याची मोड डायल कुठे ठेवू?

माडाखाली: गोव्यात फोंड्याला शिगमोत्सवाची (होळीच्या सणाची) मिरवणूक टिपायची आहे, संध्याकाळच्या उन्हापासून रात्रीपर्यंत. निकॉनचा क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स, ट्रायपॉड नाही. ऑटोत अंधार पडला की फ्लॅश टुणकन वर येतो. रोमटामेळातले (ढोल-ताशांवर नाचणाऱ्या पथकातले) पुढचे दोन चेहरे पांढरेफटक, मागे नुसता काळोख. फ्लॅश बंद केला तर झेंडे आणि हात फरफटलेले. डायलवरचा कोणता मोड लावू, पी, एस, ए की एम?

खाजनकाठ: ए. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) जेवढं उघडेल तेवढं उघडा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. बाकी कॅमेरा बघेल.

तिसवाडीकर: ऊन आहे तोवर ठीक. पण नंतर नेमकं हे 'बाकी'च नडतं. ए मध्ये शटर कॅमेऱ्याच्या हातात. उजेड गेला की तो गुपचूप १/३० सेकंदावर उतरतो. आणि लेन्समधल्या व्हीआरवर (कंप सावरणाऱ्या यंत्रणेवर) विसंबू नका. तो तुमच्या हाताचा कंप सावरतो, ढोलवाल्याच्या हाताचा नाही.

एस लावा, त्यात शटरचा वेग तुम्ही ठरवता. चालत्या पथकाला १/२५०, उडणाऱ्या झेंड्यांना आणि घोडेमोडणीला (कमरेला लाकडी घोडे बांधून केलेल्या नाचाला) १/५००. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकू लागला किंवा त्या जागी 'लो' आलं, तर समजा लेन्स पूर्ण उघडली, आयएसओही संपला; आता फोटो काळा येणार. तेव्हा १/१६०, मग १/१२५. त्याखाली जाऊ नका. दाणेदार फोटो चालतो, हललेल्याला औषध नाही.

झूमचा मोह आवरा. ही लेन्स १८ वर एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ वर एफ/५.६ पर्यंतच (आकडा मोठा तर भोक लहान), म्हणजे ५५ ला प्रकाश अडीच पटींनी कमी. १८-२४ वर राहा आणि दोन पावलं पुढे सरका. फोकस एएफ-सी, म्हणजे हलत्या माणसामागे सतत फिरणारा.

माडाखाली: रात्री फ्लॅशशिवायही चेहरे जळतात (पांढरे पडतात), तेही मोडमुळेच?

तिसवाडीकर: नाही, कॅमेऱ्याच्या प्रकाशमोजणीमुळे. मागचं काळं आभाळ बघून कॅमेरा सगळंच उजळवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सोय) -०.७ करा, चित्ररथावर झोत असेल तर -१. दुपारी पांढरे कपडे चौकटभर असले की उलट, +०.७.

खाजनकाठ: एस मान्य. एक भर: चित्ररथांच्या एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर तेवढ्यापुरतं १/१२५ खाली, १/१०० वर या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. सगळ्या एलईडींना हे लागू पडत नाही, तेव्हा एक फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून बघा. सायलेंट शटर असेल तर बंदच ठेवा, पट्टे त्यानंच जास्त येतात.

माडाखाली: मग एम कशाला असतो?

तिसवाडीकर: मंगेशीच्या देवळातल्या दीपमाळेसाठी. ती हलत नाही. कॅमेरा कठड्यावर टेकवा, आयएसओ १००, एफ/८, शटर १ सेकंदापासून वाढवत न्या, २ सेकंदांचा टायमर, व्हीआर बंद. मिरवणुकीत एम नको, त्यात सगळे आकडे स्वतःच लावायचे. दर दहा पावलांवर उजेड बदलतो, आकडे फिरवेपर्यंत पथक पुढच्या चौकात.

खाजनकाठ: आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. दमट हवेत काचेवर बाष्प धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास आधीच बाहेर येऊ द्या. पुसलं तरी परत धरतं.