साइन टाका, मोकळे व्हा?

कोनमापक, कोथरूड: काल इथे एकाने लिहिलं, "अपवर्तनाच्या गणिताला आकृती काढत बसू नका. साइन टाका, मोकळे व्हा." तेव्हापासून डोकं फिरलंय. भाचीला गणित घातलं: हवेतला किरण काचेच्या पृष्ठभागाशी ३०° कोन करतो, अपवर्तनांक (काच किरणाला किती वाकवते तो आकडा) १.५, तर वाकलेल्या किरणाचा काचेतला कोन किती? बाईसाहेबांनी साइन ३० टाकून साडेएकोणीस अंश काढले. अगं, स्तंभिका काढ की, पृष्ठभागाला लंब रेघ! कोन तिच्यापासून मोजायचा. आपतन कोन ६०°, उत्तर ३५° च्या आसपास.

घाईत: ती पोस्ट माझीच. जेईई मेनला ३ तासांत ७५ प्रश्न. तिथे कंपासपेटी उघडून बसायचं का?

कोनमापक: कच्ची आकृती म्हणतोय, भिंतीवर लावायची नाही. आणि डच गणिती स्नेलने १६२१ मध्ये अपवर्तनाचा नियम शोधला तो रेषांच्या गुणोत्तरात. साइनमध्ये छापला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने, १६३७ ला.

पेठेतला: पण "स्तंभिका"? दहावी मराठीतून केली. अकरावीला सर "नॉर्मल" म्हणाले, मी पंधरा दिवस "नेहमीचा किरण" समजत होतो. शेवटी अप्पा बळवंत चौकातून शब्दकोश आणला.

सेमीवाली: खापर मराठीवर कशाला? सरांनी एकदा दोन्ही शब्द सांगितले असते तर? अपवर्तनांकाला "इंडेक्स" म्हटलं की माझा मुलगा पुस्तकाचं शेवटचं पान उघडतो.

पेठेतला: मग त्याला सेमीला कशाला घातलंत?

सेमीवाली: ते सासूबाईंना विचारा. आणि तुम्हाला काय करायचंय?

घाईत: भाषा दिन फेब्रुवारीत. किरणांकडे या.

कोनमापक: आलो. पृष्ठभागाची रेघ, तिच्यावर केंद्र धरून ४ आणि ६ सेंमी त्रिज्येची वर्तुळं (६ भागिले ४ म्हणजे आपला १.५). हवेतला किरण केंद्रापार सरळ वाढवा, ४ च्या वर्तुळाला लागेल तिथून स्तंभिकेला समांतर रेघ ६ च्या वर्तुळापर्यंत न्या. तो बिंदू केंद्राला जोडा, झाला काचेतला किरण. साइन कुठेच नाही. आता काचेतून हवेत या: आधी ६ चं वर्तुळ, मग ४ चं. ४२° च्या पुढे रेघ धाकट्या वर्तुळाला शिवतच नाही. पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे किरण बाहेर न पडता काचेतच परत फिरतो.

घाईत: दुधाच्या बिलामागे काढून बघितलं. कंपासचा स्क्रू ढिला, वर्तुळ दोनदा जुळलं नाही. पण ४५° ला रेघ बाहेरून गेली खरी. बरं, समजायला आकृती. पेपरात मी साइनच टाकणार.

कोनमापक: टाका. कोन तेवढा स्तंभिकेपासून मोजा.

पेठेतला: नॉर्मलपासून.