फुलभुंगा शेणकिड्याच्या कुळातला? असेल तर असू द्या का?

काळीमाती: काल ‘बांधावरचा’ यांनी लिहिलं, “फुलावरचा भुंगा आन् शेणातला किडा एका कुळात कोंबणं ही पुस्तकी हौस. त्याला वेगळं कुळ द्या. आन् खतातली पांढरी अळी म्हंजे पिकाची मुळं खाणारी हुमणीच, औषध ओता.” रात्रभर डोक्यातून गेलं नाही. दोघांच्या मिशांची टोकं बघा: पानांसारख्या चकत्या, एकीवर एक मिटणाऱ्या. अळी दोघांची इंग्रजी सी सारखी वाकडी. म्हणून कुळ एकच, स्कॅरॅबिडी. फुलभुंगे त्यातलं उपकुळ, सेटोनिनी. अॅरो या इंग्रज कीटकतज्ज्ञानं १९१० साली भारतातल्या भुंग्यांवर लिहिलं तेव्हाही उपकुळच मानलं.

बांधावरचा: सेटोनिडी असं स्वतंत्र कुळ मानणारे अभ्यासकही आहेत, ते का सांगत नाहीत? हा भुंगा उडताना वरचं कवच उघडतच नाही, कडेच्या खाचेतून खालचे पंख काढतो. शेणकिडा असं करतो का?

काळीमाती: बहुतेक शेणकिडे करत नाहीत, मान्य. पण म्हणून घर वेगळं होत नाही, खोली वेगळी होते.

गोदाकाठ: घर-खोली राहू द्या. माझा दीड एकर ऊस हुमणीनं बसवला. बेट धरून ओढलं की हातात यायचं, खाली मूळच नाही. त्याच साली विकतचं शेणखत टाकलं होतं. आता मी खतात अळी दिसली की विचारत नाही कोणतं उपकुळ.

काळीमाती: विचारायलाच पाहिजे! आमच्या वडिलांनी दोन ट्रॉली खत असंच औषध ओतून नासवलं. त्या अळ्या कुजका काडीकचरा खात होत्या, मुळं नाही. हुमणीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी बाभळी-लिंबावर जमतात, तिथं फांद्या हलवून पाडा, रॉकेलच्या पाण्यात टाका. उकिरड्याचा जीव काय घेता?

गोदाकाठ: ऊस तुमचा गेला नाही, म्हणून बोलायलात. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येत नाही, हे लिहून द्या.

काळीमाती: नाही देत. येते. पण प्रत्येक अळी ती नसते. अळी लाकडी पाटावर ठेवा. फुलभुंग्याची अळी उलटी होते आन् पाठीवर सरकत जाते, पाय वर. हुमणी तशी चालत नाही.

तूरवाला: तुमचा लाडका फुलभुंगा माझ्या तुरीचा फुलोरा खायलाय. लालसर, काळे ठिपके. उपकुळ सांगितल्यानं शेंगा धरतील का?

काळीमाती: तो खातो, त्याची बाजू घेत नाही. सकाळी हातानं वेचा. ज्वारीच्या कणसावरचा हिरवा केसाळ मात्र वेगळा, तो परागावर असतो.

गोदाकाठ: आज पाटावर पंधरा ठेवल्या. बारा पाठीवर गेल्या. डोळ्यांनी बघितलं म्हणून मानतो, तुमच्या १९१० च्या पुस्तकामुळं नाही. तीन तशाच वाकड्या पडून राहिल्या.

काळीमाती: त्या तीन गेंडा भुंग्याच्याही (डोक्यावर शिंग असलेला, याच कुळातला) असू शकतात. मागच्या टोकाचा जवळून फोटो टाका. केसांच्या दोन सरळ रांगा दिसल्या तर हुमणी.

गोदाकाठ: टाकतो. खत तोवर थांबवलंय.