मदत हवी आहे : सोलापूरच्या अप्पासाहेब वारदांच्या घराण्याची माहिती

नमस्कार मंडळी. आमचे पणजोबा सोलापुरात अप्पासाहेब वारदांकडे दिवाणजी होते, असं आजी सांगायची. वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन, जिथे आज महापालिका आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्या घराण्याचा व्यापार, गावच्या कारभारातला वाटा आणि वंशावळ समजून घ्यायची आहे. इमारतीचं कौतुक होतं, माणसं विसरली जातात, याचं फार वाईट वाटतं.

१८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमधून, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा माहितीग्रंथातून, तेव्हाच्या पेठा आणि व्यापार कळतो, घराण्यांचा तपशील नाही. नगरपालिका १८५२ ची. तिच्या जुन्या सभांची इतिवृत्तं कुठे पाहायला मिळतील? आमच्याकडच्या दोन मोडी वह्या वाचून देणारं सोलापुरात किंवा पुण्यात कुणी आहे का? कागद ठिसूळ झालाय, म्हणून घाई आहे. वारदांच्या नात्यातलं कुणी इथे असेल तर कृपया निरोप द्या.