आमरसाच्या लाइनला १० बार की १ बार? नॉन-न्यूटोनियन (वेगाबरोबर घट्टपणा बदलणाऱ्या) रसाच्या घर्षणाचं गणित

पल्पवाला_रत्नागिरी
कॅनिंग युनिटला मेंटेनन्स बघतो. हापूसचा पल्प लोब पंपाने (फिरत्या पाकळ्यांनी रस ढकलणारा पंप) ३० मीटर लाइनमधून प्रीहीटरला जातो. एसएस पाइप, आतला व्यास ४८ मिमी, ताशी ४००० लिटर, चढ ३ मीटर, पल्प साधारण ३० अंशांवर. आता लाइन ७० मीटर करायची आहे.

लॅबचं ब्रुकफिल्ड (रसात स्पिंडल फिरवून व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, मोजणारं यंत्र) २.५ आरपीएमला (मिनिटाला फेरे) ४००० सेंटिपॉइज (व्हिस्कॉसिटीचं एकक) दाखवतं. तो आकडा धरून पंपवाल्याने नव्या लाइनचं नुसतं घर्षणच २४ बार काढलंय आणि कोटेशनही त्याच मापाचं धाडलंय. त्याच सूत्राने आजच्या लाइनला १० बार यायला हवेत. पंपाच्या तोंडाशी गेज १.१ दाखवतं! गेज बदलून पाहिलं, तेच. मुकादम म्हणतो, "कागद फाडा नि गेज बघा." पण मालकांना कागदच लागतो.

घट्टरस
२.५ आरपीएमचं एकच रीडिंग घेतलंत? २० आरपीएमचं टाका.

पल्पवाला_रत्नागिरी
२० ला ९४०. लॅबवाली म्हणते दोन्ही बरोबर. मग धरायचा कुठला?

घट्टरस
कुठलाच नाही. लॅबवाली बरोबर बोलतेय. वेग ८ पट केलात, व्हिस्कॉसिटी सव्वाचार पट उतरली. दोन्ही पटींचे लॉग घेऊन भागा: ०.७ येतो. १ मधून वजा केला की एन ०.३. (ताण म्हणजे के गुणिले शिअर रेटचा एन-वा घात; शिअर रेट म्हणजे रसाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर.) स्पिंडलच्या रूपांतर तक्त्याने के साधारण ६ येतो, एसआय एककांत. आंब्याच्या पल्पला हे आकडे शोभतात.

आता पाइप. वेग सेकंदाला ०.६१ मीटर. ८ गुणिले वेग भागिले व्यास म्हणजे १०२, एन ०.३ साठी त्याला १.५८ ने गुणा, भिंतीपाशी शिअर रेट १६२ येतो. स्पिंडलपाशी तो जेमतेम २ होता. १६२ ला तुमचा पल्प १७० सेंटिपॉइजचा आहे, ४००० चा नाही. पंपवाला चुकला तो इथे.

भिंतीवरचा ताण २७.६ पास्कल, म्हणजे मीटरमागे २३०० पास्कल. ३० मीटरला ०.७ बार, चढाचे ०.३, वर बेंड नि व्हॉल्व्ह. झाले की तुमचे १.१!

मूडीचार्ट
पाइपचा रफनेस (आतला खडबडीतपणा) कुठे गेला? आणि फ्रिक्शन फॅक्टर (घर्षणाचा गुणांक)?

घट्टरस
मेट्झ्नर-रीडचा रेनॉल्ड्स (प्रवाह शांत की खळाळता हे सांगणारा आकडा, अशा रसांसाठी बेतलेला), १९५५ चा, इथे ११७ च्या आसपास येतो. प्रवाह निखळ लॅमिनार (थराथराने शांत वाहणारा), रफनेसला कुणी विचारत नाही. फॅनिंगचा फॅक्टर १६ भागिले रेनॉल्ड्स, डार्सीचा ६४ भागिले. फॅक्टर एका पुस्तकातून नि सूत्र दुसऱ्यातून घेतलं की उत्तर चौपट चुकतं, आणि चुकलेलं दिसतही नाही. टर्ब्युलंट (खळाळता) असता तर १९५९ चं डॉज-मेट्झ्नर सूत्र लागलं असतं. पल्प तिथवर जात नाही.

पल्पवाले, माझ्या के-एनवरही विसंबू नका. रेशा असल्या की भिंतीलगत पातळ रसाचा थर सुटतो नि पल्प त्यावरून घसरतो. स्पिंडलला ते कळत नाही. तुमची लाइन हाच उत्तम व्हिस्कोमीटर. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे ना? फ्लो निम्मा करून गेज वाचा. पंपाच्या हर्ट्झवरून फ्लो ठरवू नका, टाकी भरायला लागणारा वेळ मोजा.

पल्पवाला_रत्नागिरी
केलं. ४००० ला १.१, २००० ला ०.९५. गेजचा काटा ०.०५ च्या खाली काही सांगत नाही.

घट्टरस
चढाचे ०.३ काढा. ०.८ आणि ०.६५. फ्लो दुप्पट, घर्षण फक्त १.२३ पट. एन पुन्हा ०.३. पाणी असतं तर हेच तिप्पट-चौपट झालं असतं.
७० मीटरला ०.८ चे १.९, चढ तेवढाच असेल तर एकूण २.२ बार. कोल्ड स्टोअरेजमधून आलेल्या पल्पाला के वाढतो, जेवणाच्या सुट्टीत लाइन भरून राहिली की सुरू होताना झटका बसतो. मी ४ बारचा पंप घेईन.

पल्पवाला_रत्नागिरी
मालक विचारतायत, दीड इंची पाइप टाकला तर स्वस्त पडेल का?

घट्टरस
आतला व्यास ३५ धरला तर घर्षण १.८ पट, म्हणजे ३.४ बार. साध्या (न्यूटोनियन) द्रवाच्या लॅमिनार प्रवाहातल्या चौथ्या घाताने साडेतीनपट आलं असतं, तितकं वाईट नाही. पण ४ बारच्या पंपाला मग काहीच शिल्लक उरत नाही. नको.

सीआयपी_बाई
एक राहिलं. सीआयपीला, म्हणजे लाइन न उघडता धुण्याला, पाणी सेकंदाला दीड मीटरने तरी जायला हवं. ४८ मिमीला ते ताशी जवळजवळ ९८०० लिटर होतं, तुमचा लोब पंप तेवढं देणार नाही. त्या पाण्याचं घर्षण ७० मीटरला ०.३ बारच्या आसपास, म्हणजे साधा सेंट्रिफ्यूगल पुरेल. लोब पंपाला बायपास आत्ताच ड्रॉइंगमध्ये घाला, सीझन सुरू झाल्यावर वेल्डर मिळत नाहीत.