टीबी-३०३ चा ॲक्सेंट नकलेत का उतरत नाही?

मंद्रसप्तक:
रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरची (खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची) एक सॉफ्टवेअर आवृत्ती मी काही महिन्यांपासून वापरत आहे. कटऑफ (फिल्टर कुठवरच्या कंप्रता जाऊ देतो ती मर्यादा), रेझोनन्स (त्या मर्यादेजवळच्या कंप्रतांना मिळणारा उठाव), डिके (स्वराची धार ओसरण्याचा वेळ) हे नॉब मूळ यंत्राप्रमाणेच आहेत, सॉटूथ आणि स्क्वेअर हे दोन्ही वेव्हफॉर्म, म्हणजे ध्वनिलहरीचे आकार, तेही आहेत. तरीही लागोपाठ तीन-चार स्वरांना ॲक्सेंट (जोर) दिला की जुन्या ध्वनिमुद्रणांत आवाज जसा वर चढत जातो, तसा माझ्याकडे चढत नाही; प्रत्येक आघात सारखाच उमटतो. हा दोष माझ्या कानांचा समजावा की नकलेचा?

जुने_सर्किट:
कानांचा नक्कीच नव्हे. मूळ यंत्रात ॲक्सेंटने केवळ आवाज मोठा होत नाही. त्या स्वराचा डिके आखूड होतो आणि एन्व्हलपचा (स्वरागणिक चढून उतरणाऱ्या नियंत्रक व्होल्टेजचा) काही अंश एका कपॅसिटरमार्गे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकामार्गे) फिल्टरच्या कटऑफपर्यंत पोहोचतो. दोन ॲक्सेंट फार जवळ आले, तर हा कपॅसिटर पुरता रिकामा होण्याआधीच पुन्हा भरू लागतो, म्हणून दुसऱ्या खेपेस कटऑफ पहिल्यापेक्षा वर जातो आणि तिसऱ्या खेपेस त्याहूनही वर. मागचा स्वर असा पुढच्यात उरतो, हे ज्याने हिशेबात धरले नाही, त्याची नकल सपाट वाजणारच. रेझोनन्स बराच वाढवून सलग चार स्टेपना (स्वरक्रमातील जागांना) ॲक्सेंट देऊन पाहावे.

खर्जवेडा:
थोडे विषयाला धरूनच. तादाओ किकुमोतो यांनी रचलेले हे यंत्र १९८१ मध्ये आले, ते बेस गिटारला पर्याय म्हणून. पण बेस गिटारसारखे ते मुळीच वाजत नसे, आणि स्वर एकदा व त्यांची लय वेगळी भरावी लागत असल्याने वादक वैतागत. सुमारे १०,००० नग निघाल्यावर १९८४ मध्ये उत्पादन थांबले. मग स्वस्तात मिळालेल्या यंत्राचे नॉब वाजता वाजता फिरवून शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या शैलीचा पाया घातला. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ मध्येच याच यंत्रावर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांच्या जोडीने, डिस्कोच्या ठेक्यात राग बांधले होते; त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मंद्रसप्तक:
चार स्टेपचा प्रयोग करून पाहिला. माझ्या आवृत्तीत चौथा आघात पहिल्याइतकाच येतो, म्हणजे ती नकल अपुरीच आहे. तूर्त त्या चार स्टेपपुरता कटऑफ ऑटोमेशनने (नॉबची हालचाल आधीच नोंदवून) थोडा थोडा वर नेत आहे.

जुने_सर्किट:
चालेल, पण चढ सरळ रेषेत ठेवू नका. पहिल्या दोन आघातांत उडी मोठी असते, पुढे ती कमी होत जाते.