'बायोलॉजिकल एजिंग'ला काय म्हणावं: वार्धक्य, जरा की झीज?

तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्या माणसांसाठी मी एक माहितीपत्रक लिहिते आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांत 'बायोलॉजिकल एजिंग' लवकर होतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. 'जैविक वय', म्हणजे जन्मतारखेवरून नव्हे तर शरीराच्या स्थितीवरून मोजलेलं वय, हा शब्द आता रुळलंय. अडतंय ते 'एजिंग'पाशी. 'वेगवर्धित जैविक वार्धक्य' असं लिहून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे हा लवकर म्हातारा होणार, एवढंच ना? मग त्याला आपण काय करणार?"

'हा' म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय 44, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मध्यंतरी त्याला तपासणीला नेलं तेव्हा केसपेपर काढणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "वडील का तुमचे?" तो शेजारीच उभा होता. सिगारेटने पिवळी पडलेली बोटं त्याने हळूच खिशात घातली. म्हणून शब्द नीट हवाय. काय सुचवाल?

प्रतिसाद

'वार्धक्य' इथे मुळातच बसत नाही. ते 'वृद्ध'वरून आलं, आणि 'वृद्ध' आला 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूवरून. 'वृद्धी' ही त्याचीच बहीण. ज्ञानवृद्ध, वयोवृद्ध म्हणताना आपण वाढच मोजतो, आणि मानही देतो. शरीर विरत जाण्याला संस्कृतात वेगळा धातू आहे, 'जॄ'. त्यावरून जरा, जीर्ण, जर्जर. तुम्हाला हवी आहे ती जरा.

सुश्रुतसंहितेत भूक, तहान, झोप, मृत्यू यांच्याबरोबर जराही स्वाभाविक व्याधींत गणली आहे. या व्याधींचे दोन प्रकार केलेत, कालज आणि अकालज, आणि दोन्हींतला भेद वर्षांवर नाही, परिरक्षणावर ठरवलाय. राखण करूनही येते ती कालज, राखण न झाल्याने येते ती अकालज. तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला या भेदात दिसतं.

प्रतिसाद

व्युत्पत्ती पटली, पण 'जरा' आज चालणार नाही. 'शरीराला जरा लवकर येते' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, ऐकणाऱ्याला 'थोडी लवकर' असंच वाटेल.

'अकाली'ही टाळा. तो शब्द वेळ सांगतो, वेग सांगत नाही, आणि आपल्या कानात त्याच्यामागून 'निधन' येतंच. शिवाय स्किझोफ्रेनियावर तो एकदा लादून झालाय. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1890च्या दशकात त्याला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हटलं, म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हे नाव पुढे आणलं, कारण प्रत्येक रुग्णाचा शेवट बुद्धिभ्रंशात होत नाही, हे त्यांना दिसत होतं. आपण पुन्हा तिथे कशाला जायचं?

मी 'झीज' म्हणेन. पेशींचं विभाजन होताना गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर, म्हणजे त्यांची संरक्षक टोपणं, आखूड होत जातात, तिथे हा शब्द चपखल बसतो. सगळीकडे मात्र नाही. जैविक वयाचा अंदाज बांधणाऱ्या गणिती पद्धतीला 'घड्याळ' म्हणतात. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांचं 2013चं 'घड्याळ' डीएनएवरच्या 353 जागांच्या मिथाइल खुणा, म्हणजे तिथे चिकटलेल्या रासायनिक खुणा, वाचतं. त्या झिजत नाहीत, बदलतात. त्या घड्याळाने स्किझोफ्रेनियात फारसा फरक दाखवला नाही. पुढे मृत्यूच्या जोखमीशी जोडून बनवलेल्या घड्याळांत तो दिसला. म्हणून 'जैविक वय' लिहिताना तो एकच पक्का आकडा आहे असं वाचणाऱ्याला वाटू देऊ नका. घड्याळ बदललं की आकडा बदलतो.

मूळ लेखिका

'झीज' घेते. आईला पुन्हा वाचून दाखवलं, "या आजारात शरीराची झीज भरभर होते." या वेळी तिने विचारलं, "कशाने?"

मला हाच प्रश्न हवा होता. वार्धक्य नुसतं येतं. झीज होते, थांबवता येते, थोडीफार भरूनही काढता येते. क्रियापदंच वेगळी आहेत. 'कशाने'ला उत्तरं आहेत: सिगारेट, काही औषधांनी वाढणारं वजन आणि साखर, मोडलेली झोप, सततचा ताण, शरीरात धुमसणारा दाह. आणि एक माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. भाऊ छातीत भरून येतं म्हणत होता आणि समोरचे "मनाचंच आहे" म्हणून कागद मिटत होते. ईसीजी काढायला मला दोनदा भांडावं लागलं. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. हे सगळं 'वार्धक्य' या एका शब्दाखाली झाकलं जात होतं.

पत्रकातलं वाक्य आता असं आहे: "तीव्र मानसिक आजारात शरीराची झीज वयाच्या मानाने भरभर होऊ शकते. मनाच्या औषधांइतकीच शरीराची राखण करा. रक्तदाब, साखर, वजन वेळच्या वेळी तपासून घ्या."

'राखण' ठेवू की 'निगा'? राखण शेताची, निगा माणसाची, असं मला वाटतं.