छोट्या जर्मन गावाचा प्रमुख छप्पन वर्षे पदावर कसा राहतो?

प्रश्न

जर्मनीतील राइनलँड-पॅलेटिनेट राज्यात विंडहागेन नावाचे गाव आहे. तेथील योझेफ र्‍युडेल १९६३ मध्ये ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे गावाचे निर्वाचित प्रमुख झाले आणि २०१९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचा जन्म १९२५ चा, म्हणजे पद सोडताना त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. राष्ट्रीय राजकारणातले दीर्घ कार्यकाळ आपण वाचतो, परंतु एवढ्याशा गावात एकाच माणसाला लोक पुन्हा पुन्हा का निवडतात, आणि तो माणूस इतकी वर्षे रोज नेमके काय करतो, हे मला समजून घ्यायचे आहे. हे पगारी पद असते का?

उत्तर १

पहिल्यांदा ‘महापौर’ हा शब्द बाजूला ठेवावा, कारण त्याने मोठ्या शहराचे चित्र उभे राहते. विंडहागेनसारख्या गावातील पद मानद असते. प्रमुखाला ठरावीक मानधन मिळते, वेतन नव्हे, आणि म्हणून बहुतेक जण आपला व्यवसाय सांभाळूनच ते निभावतात. त्या राज्यात शेजारची गावे मिळून एक ग्रामसंघ बनतो (विंडहागेन हे आसबाख संघात आहे) आणि नोंदणी, ओळखपत्रे, करवसुली, अग्निशमन दल अशी कामे त्या संघाचे पूर्णवेळ कर्मचारी पाहतात. गावाकडे रस्ते, दफनभूमी, सभागृह, खेळाचे मैदान आणि, हे फार महत्त्वाचे आहे, कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचा बांधकाम आराखडा राहतो.

हा आराखडा आणि व्यवसाय कर यांची सांगड लक्षात घेतल्याशिवाय विंडहागेन समजत नाही. उद्योगाच्या करपात्र नफ्याच्या ३.५ टक्के ही पायाभूत रक्कम देशभर सारखीच असते, परंतु तिला कोणत्या दराने गुणायचे हे ग्रामसभागृह, म्हणजे गावाचे निर्वाचित सभासद मंडळ, ठरवते. समजा, एखाद्या कंपनीचा करपात्र नफा १,००,००० युरो आहे. पायाभूत रक्कम ३,५०० युरो झाली आणि गावाचा दर ४०० टक्के असेल तर कर १४,००० युरो होतो. त्यातून वरच्या स्तरांना वाटा द्यावा लागतो, तरी उरलेला पैसा गावाचाच. विंडहागेन कोलोन-फ्रँकफर्ट महामार्गालगत आहे आणि रस्तेबांधणीची यंत्रे बनवणाऱ्या विर्टगेन समूहाचे मुख्यालय तेथेच आहे. उद्योगाला जागा देण्याचा एक निर्णय गावाला अनेक दशके पुरतो, आणि असे निर्णय ज्याच्या काळात झाले त्याला लोक सहज विसरत नाहीत.

उत्तर २

वरील उत्तर पैशाच्या बाजूने बरोबर आहे, पण मला वाटते की माणूस पदावर टिकतो तो लोकांमध्ये असल्यामुळे. नव्वदावा वाढदिवस किंवा लग्नाची पन्नास वर्षे असली की प्रमुखाने स्वतः घरी जाऊन अभिनंदन करण्याची तेथे रीत आहे. नोव्हेंबरमध्ये युद्धातील मृतांच्या स्मरणदिनी पुष्पचक्र वाहायचे, संघ-मंडळांच्या वार्षिक सभांना हजर राहायचे, दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाचा वाद ऐकायचा. ऱ्हाइनकाठी कार्निव्हलच्या गुरुवारी तर स्त्रिया नगरभवनावर चाल करून येतात आणि प्रमुखाला चावी सोपवावी लागते. कुटुंबाचे शनिवार-रविवार यातच जातात, आणि हा त्याग मला मनापासून मोठा वाटतो.

निवडणुकीचा नियमही पाहावा. त्या राज्यात १९९४ पासून लोक प्रमुखाला थेट निवडतात. त्याआधी ग्रामसभागृह निवडत असे. म्हणजे र्‍युडेल यांनी तीन दशके सभासदांचा आणि पुढची पंचवीस वर्षे प्रत्यक्ष मतदारांचा विश्वास टिकवला. मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे २०१४ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षीही, त्यांना लोकांसमोर जावे लागले.

उत्तर ३

एक सावधगिरी: हे चित्र सगळ्या जर्मनीला लावू नये. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मुदत आठ वर्षांची आहे, प्रमुख थेट निवडला जातो, सभागृहाचे अध्यक्षपदही त्याच्याकडे असते आणि प्रशासनही. तेथील बरेच प्रमुख कोणत्याही पक्षाचे नसतात. केल आणि लुडविग्सबुर्ग येथील प्रशासन महाविद्यालयांत शिकून ते हा पेशा म्हणूनच स्वीकारतात. त्यामुळे तिथे तीन मुदती पूर्ण केल्या की चोवीस वर्षे होतात. उलट नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात युद्धानंतर ब्रिटिश प्रशासनाने मानद प्रमुख आणि पगारी प्रशासक अशी दोन पदे केली होती, आणि एकत्रित पदासाठी पहिली सार्वत्रिक थेट निवडणूक १९९९ मध्ये झाली.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘इतकी वर्षे सत्ता’ असे मी मनात म्हणत होतो. आता कळते की कागदी सत्ता बरीचशी ग्रामसंघाकडे होती. परंतु इतक्या दीर्घ काळात नवे लोक तयार होत नाहीत, ही भीती खरी नाही का?

उत्तर १

खरी आहे. माझ्या मते यावरचा उपाय मुदतीवर बंधन घालण्यात नाही, तर उपप्रमुखांना आराखडा आणि अंदाजपत्रकाचे काम प्रत्यक्ष हाताळू देण्यात आहे. मानद पदासाठी उमेदवार पुढे येणे हीच अनेक छोट्या गावांची अडचण झालेली आहे.